बाटली वाजते तसा पाइपही वाजतो, आणि मग पोलाद फुटतं

एक रिकामी पाण्याची बाटली घ्या. तोंडाच्या काठावर खालचा ओठ टेकवा आणि आडवी फुंकर मारा. 'हूऽऽ' असा खोल आवाज येतो. लहानपणी आपण सगळ्यांनी हे केलंय. पण एक गोष्ट बघा. फुंकर तर सरळ आणि एकसारखी होती, तिच्यात काही थरथर नव्हती. बाटलीत हवा धड शिरलीसुद्धा नाही, ती तोंडावरून नुसती निघून गेली. मग वाजलं काय?

मी शिकले मेकॅनिकल आणि नोकरी करते सॉफ्टवेअरची. पुण्यात ही काही दुर्मीळ जमात नाही. आमच्या पुस्तकात हा विषय एखाद्या पानात उरकला होता, जणू ती एक गंमत आहे. प्रत्यक्षात याच 'हूऽऽ'नं २००२ आणि २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका अणुवीज केंद्रात अणुभट्टीच्या आतलं पोलाद तोडलं. वाहत्या वाफेच्या बाजूला काही बंद नळ्या होत्या, त्या वाजल्या, एवढंच. त्या गोष्टीकडे आपण येऊच. आधी बाटली, कारण ती हातात आहे.

गळा म्हणजे वजन, पोट म्हणजे स्प्रिंग

बाटलीच्या गळ्यात हवेचा एक छोटा खांब आहे, आणि खाली पोटात बरीच हवा कोंडलेली आहे. गळ्यातली हवा जराशी आत ढकलली गेली की पोटातली हवा दाबली जाते आणि स्प्रिंगसारखी तिला बाहेर फेकते. बाहेर जाताना ती वेगाच्या भरात थोडी जास्तच जाते. मग आतला दाब कमी पडतो आणि ती परत आत ओढली जाते. आत, बाहेर, आत, बाहेर. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी अशा पोकळ्यांचा बारकाईनं अभ्यास केला, म्हणून हिला हेल्महोल्ट्झ रेझोनेटर म्हणतात.

एक लिटरची बाटली आणि आतून २२ मिलिमीटर रुंदीचा गळा धरला, तर हिशोबानं सुमारे १७० हर्ट्झचा सूर मिळतो. म्हणजे हवा सेकंदाला १७० वेळा आतबाहेर. हे पडताळून बघायला लॅब लागत नाही. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठानं बनवलेलं. त्यात ध्वनीचा स्पेक्ट्रम दाखवणारा भाग उघडा, फोन बाटलीजवळ ठेवा आणि फुंका. आलेखात एक टोकदार सुळका उभा राहील. तो १५० वर आला किंवा १९० वर आला तरी घाबरू नका, तुमच्या बाटलीचा गळा वेगळा असणार. आता बाटली तीन चतुर्थांश पाण्यानं भरा आणि परत फुंका. हवेची जागा एक चतुर्थांश उरली की वारंवारता साधारण दुप्पट होते. गाणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर सूर खालच्या सा वरून वरच्या सा वर जातो.

(जाता जाता: तुमच्या फोनच्या खालच्या कडेला माइकचं जे बारीक भोक आहे, तेही एक गळा आणि आतली पोकळीच आहे. फक्त ते इतकं लहान असतं, की त्याचा सूर आपल्या बोलण्याच्या पट्टीच्या खूप वर राहतो. तो तिथेच राहावा, याची काळजी फोन बनवणाऱ्यांना घ्यावी लागते. भोकाचा बोगदा लांब झाला की सूर खाली उतरतो.)

ढकलतं कोण?

इथपर्यंत आपण झोपाळा समजून घेतला. पण झोपाळ्याला दर फेरीला नेमक्या वेळी धक्का देणारं कुणीतरी लागतं. फुंकर तर सलग आहे. मग ठेका कुठून आला?

उत्तर बाटलीच्या तोंडावर आहे. वरून हवा जोरात चालली आहे, खाली बाटलीतली हवा निवांत आहे. या दोघींच्या मधला पातळ थर फार अस्थिर असतो. जरासं काही हललं की तो गुंडाळला जातो आणि त्याचा भोवरा होतो. नदीत पुलाच्या खांबामागे पाणी गरगरतं ते आठवा. हा भोवरा तोंडाच्या अलीकडच्या काठावर जन्मतो, वाऱ्याबरोबर पुढे सरकतो आणि पलीकडच्या काठावर जाऊन आदळतो.

आदळला की दाबाचा एक धक्का तयार होतो. तो बाटलीत जातो, गळ्यातल्या हवेला हलवतो आणि ती हललेली हवा अलीकडच्या काठापाशी त्या अस्थिर थराला पुन्हा डिवचते. नवा भोवरा जन्मतो. तो पुढे जाऊन आदळतो, पुन्हा डिवचतो. चक्र पूर्ण झालं.

तुम्ही हे चक्र आधी ऐकलेलं आहे. गणपतीच्या मंडपात कुणीतरी माइक घेऊन स्पीकरसमोर जातं आणि 'कुईंऽऽ' होऊन सगळे कानावर हात ठेवतात. माइकनं ऐकलं, स्पीकरनं ओरडून सांगितलं, माइकनं तेच परत ऐकलं. बाटलीत माइकचं काम अलीकडचा काठ करतो आणि स्पीकरचं काम पलीकडचा काठ. ॲम्प्लिफायर म्हणजे वाहती हवा, कारण सगळी ऊर्जा तीच पुरवते. आमच्या धंद्यातही असं चक्र असतं. सर्व्हर मंदावतो, म्हणून सगळी ॲप्स पुन्हा पुन्हा विनंती पाठवतात, म्हणून तो आणखी मंदावतो. सुरुवात कुणी केली हे शोधून तिथे उपयोग नसतो. चक्र तोडावं लागतं.

आता एक सोपा हिशोब, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. भोवरा वाऱ्याच्या पूर्ण वेगानं जात नाही, साधारण ४० ते ५० टक्के वेगानं जातो. त्याला तोंड ओलांडायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात हवेची एक फेरी पूर्ण झाली, तर धक्का नेमका वेळेवर बसतो. म्हणजे ठेक्याची वारंवारता = ०.४ गुणिले वाऱ्याचा वेग, भागिले तोंडाची रुंदी. या ०.४ च्या जागी जो आकडा येतो त्याला स्ट्रूहाल अंक म्हणतात. चेक भौतिकशास्त्रज्ञ स्ट्रूहाल यांनी १८७८ मध्ये वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांवर काम केलं, त्यावरून हे नाव पडलं. बाजूच्या बंद नळीसाठी हा आकडा ढोबळमानानं ०.३ ते ०.६ मध्ये असतो. तोंडात एकाच वेळी दोन भोवरे मावले तर त्याच्या दुपटीच्या आसपास आणखी एक शक्यता असते, पण तो सूर सहसा कमजोर निघतो.

म्हणजे दोन वेगवेगळे ठेके आहेत. एक पोकळीचा स्वतःचा, तो तिच्या आकारमानानं ठरतो आणि वाऱ्याची पर्वा करत नाही. दुसरा भोवऱ्यांचा, तो वाऱ्याच्या वेगाबरोबर वाढत जातो. दोघे जवळ आले की पोकळी भोवऱ्यांना आपल्या ठेक्यात ओढून घेते. इंग्रजीतला 'लॉक-इन' हा शब्द आपल्याकडेही चालतो. एकदा लॉक झालं, की वेग थोडा वाढला किंवा कमी झाला तरी सूर तोच राहतो, फक्त आवाज मोठा-लहान होतो. वेग फारच पुढे गेला की कुलूप सुटतं आणि अचानक शांत.

माझ्या हेल्मेटच्या कपाळावरची हवेची खिडकी अर्धी उघडी राहिली की स्कूटर ताशी ५० च्या आसपास गेल्यावर शिट्टी सुरू होते आणि साठ-पासष्टला बंद पडते. आवाज वेगाबरोबर हळूहळू वाढत गेला असता तर ते नुसतं वाऱ्याचं घोंघावणं असतं. ठरावीक वेगाला चालू, ठरावीक वेगाला बंद, ही या चक्राची खूण आहे. चिकटपट्टीचा एक तुकडा लावला, शिट्टी गेली.

गाणारी नळी

आणखी एक प्रयोग, घरच्यांनी परवानगी दिली तर. आतूनही कड्याकड्यांची असलेली लवचीक प्लॅस्टिकची नळी घ्या, साधारण पाऊण मीटर लांब आणि अडीच सेंटीमीटर रुंद. आतून गुळगुळीत असलेली चालणार नाही. गच्चीवर जा, आजूबाजूला कुणी नाही ना बघा, एक टोक हातात धरा (तोंड झाकू नका) आणि दुसरं डोक्यावर गरागरा फिरवा. नळी गाऊ लागते. वेग वाढवला की सूर हळूहळू चढत नाही, तो पायऱ्यांवरून उडी मारावी तसा वरच्या सुरावर जातो आणि तिथे थांबतो. फिरणारं टोक हवा बाहेर फेकतं, म्हणून नळीतून हवा वाहते. आतली प्रत्येक कडी म्हणजे एक छोटा कोनाडा, आणि प्रत्येक कोनाड्यावर तोच भोवऱ्याचा खेळ. शेकडो कोनाडे एकाच वेळी नळीच्या सुराशी लॉक होतात.

हे खेळणं गोड आहे. पण समुद्रातल्या गॅस प्लॅटफॉर्मवर तळापासून वर गॅस आणायला जे लवचीक पाइप वापरतात, त्यांच्या आतला पोलादी थरही असाच कड्याकड्यांचा असतो. नॉर्वेच्या किनाऱ्यापुढच्या प्लॅटफॉर्मवर गॅसचा वेग एका मर्यादेपुढे गेला की हे पाइप गाऊ लागतात, असं दिसून आलं. ते गाणं प्लॅटफॉर्मवरच्या इतर पाइपांत पसरतं आणि प्रेशर गेजसाठी वगैरे जोडलेल्या बारीक नळ्या थरथरवतं. अशा नळीच्या सांध्याला चीर गेली तर बाहेर येणार तो ज्वलनशील गॅस. मग गॅसचा वेग कमी ठेवायचा, म्हणजे उत्पादन कमी. गाणं थांबवण्याची किंमत अशी रोजच्या रोज मोजावी लागते.

बंद फांदी

आता मुख्य गोष्ट. मोठ्या पाइपला काटकोनात एक छोटा पाइप जोडलेला आहे आणि त्याचं दुसरं टोक बंद आहे. कारखान्यात अशा फांद्या जागोजागी असतात. बंद ठेवलेला व्हॉल्व्ह, पुढे कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं जोडतोंड, दाब मोजायची जागा. नकाशात ही फांदी निष्पाप दिसते, कारण तिच्यातून काहीच वाहत नाही.

पण तिच्यात हवा, गॅस किंवा वाफ आहे आणि त्या खांबाला स्वतःचा सूर आहे. बंद टोकाला हवा हलू शकत नाही, उघड्या टोकाला मनसोक्त हलते. अशा खांबात ध्वनीलहरीचा चौथा हिस्सा मावतो. म्हणून सूर = ध्वनीचा वेग भागिले लांबीची चौपट. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरच्या फांदीचा सूर ८६ हर्ट्झच्या जवळ.

यावर कुणी म्हणेल, मग आमच्या ऑफिसच्या छतातला एसीचा डक्ट का नाही गर्जत, त्यालाही बंद फांद्या असतीलच. बरोबर प्रश्न आहे, आणि उत्तर वर दिलेल्या हिशोबात आहे. डक्टमध्ये हवा सेकंदाला साधारण ५ ते १० मीटर जाते. फांदी २० सेंटीमीटर रुंद आणि वेग ८ मीटर धरला, तर भोवऱ्यांचा ठेका १६ हर्ट्झ येतो. एक मीटरच्या फांदीला हवेत ८६. जुळतच नाही. ऑफिसात ऐकू येते ती बारीक शिट्टी बहुतेक वेळा डॅम्परच्या पात्याशेजारच्या किंवा जाळीच्या फटीतून येते. तिथे रुंदी मिलिमीटरमध्ये असते, म्हणून ठेका शेकडो हर्ट्झवर जातो. पाचएक मिलिमीटरच्या फटीला ८ मीटर वेगानं ६४० हर्ट्झ. त्रासदायक खरी, पण तिच्यानं काही तुटत नाही.

तोडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: मोठा वेग, दाट वायू आणि आवाजाला पळून जायला जागा नसणं. बाटलीचा आवाज खोलीत पसरून मरतो. पाइपमध्ये तो कुठे जाणार? पोलादी भिंतींमधून फारसं काही बाहेर पडत नाही, तो पाइपभर इकडून तिकडे फिरत राहतो. समोरासमोर सारख्या लांबीच्या दोन बंद फांद्या असतील तर आणखी वाईट. दोन्ही मिळून एकच लांब रेझोनेटर होतो आणि आवाज मुख्य पाइपमध्येसुद्धा फारसा गळत नाही, आतल्या आत वाढत जातो. ड्रॉइंगवर मात्र ही समोरासमोरची जोडी सगळ्यात नीटनेटकी दिसते.

इलिनॉयमधली वाफ

अमेरिकेत इलिनॉय राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी, क्वाड सिटीज नावाचं अणुवीज केंद्र आहे. दोन युनिटं, दोन्ही उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या. म्हणजे भट्टीतच पाणी उकळतं आणि तीच वाफ टर्बाइन फिरवते. (पालघर जिल्ह्यातल्या तारापूरची १९६९ ची पहिली दोन युनिटं याच प्रकारात मोडतात. प्रकार ओळखीचा वाटावा म्हणून सांगितलं, पुढच्या गोष्टीशी तारापूरचा संबंध नाही.) भट्टीच्या वरच्या भागात वाफेतले पाण्याचे थेंब काढून टाकणारं कित्येक टनांचं पोलादी यंत्र असतं, स्टीम ड्रायर. तिथून निघालेली वाफ मोठ्या पाइपांतून टर्बाइनकडे जाते. या पाइपांवर उभ्या नळ्यांच्या टोकाला सुरक्षा व्हॉल्व्ह बसवलेले असतात. दाब फार वाढला तरच ते उघडायचे. एरवी बंद. म्हणजे प्रत्येक उभी नळी ही एक बंद फांदी.

हे केंद्र १९७० च्या दशकापासून चालू होतं आणि या फांद्यांनी कुणाला त्रास दिला नव्हता. मग युनिटांची क्षमता सुमारे १८ टक्क्यांनी वाढवायची परवानगी मिळाली. तीच भट्टी, तेच पाइप, वाफ मात्र जास्त. पाइप तेवढेच राहिल्यामुळे वाफेचा वेगही जवळपास त्याच प्रमाणात वाढला. १८ टक्के वेग वाढला तर आवाज थोडा वाढेल, कंपन थोडं वाढेल, असंच कुणालाही वाटेल. आपण सगळे असाच सरळ रेषेत विचार करतो.

२००२ मध्ये युनिट दोन वाढीव क्षमतेवर चालू झालं आणि त्याच वर्षी ड्रायरची एक झाकणपट्टी तुटली. धातूचा थकवा, असं निदान झालं. पातळ पट्टी काढून जाड बसवली. २००३ मध्ये ड्रायर दुसऱ्याच जागी फुटला, यावेळी वरच्या आवरणाला मोठी चीर. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा मजबुती. त्याच वर्षी युनिट एकच्या ड्रायरमध्येही तसंच नुकसान सापडलं. शेवटी २००५ मध्ये दोन्ही युनिटांत नवे, जास्त दणकट ड्रायर बसवले आणि युनिट दोनच्या ड्रायरवर दाब आणि ताण मोजणारे सेन्सर लावले. मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. आमच्याकडे याला लॉग लावणं म्हणतात. एकच बग तिसऱ्यांदा आला की दुरुस्ती थांबवून आधी मोजायला लागायचं.

सेन्सरनं जे दाखवलं ते असं: दाबाची जोरदार थरथर १५० हर्ट्झच्या आसपास, अगदी अरुंद पट्टीत. नुसता खळखळाट असता तर तो सगळ्या वारंवारतांवर पसरला असता. अरुंद सुळका म्हणजे कुणीतरी सूर लावतंय. आणि तो सूर ड्रायरचा नव्हता. तो येत होता पुढे पाइपवर असलेल्या सुरक्षा व्हॉल्व्हांच्या उभ्या नळ्यांतून.

आपण आपल्या हिशोबात टाकून बघू. त्या दाबाच्या वाफेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४९० मीटर धरा. १५० हर्ट्झसाठी फांदीची लांबी किती हवी? ४९० भागिले ६००, म्हणजे ८० सेंटीमीटरच्या थोडं वर. व्हॉल्व्हखालच्या नळीला शोभेल अशीच लांबी. समजा तिची रुंदी १५ सेंटीमीटर आहे. भोवऱ्यांचा ठेका १५० वर यायला वाफेचा वेग लागेल सेकंदाला ५६ मीटर, ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात. मुख्य वाफेच्या पाइपांत याच्याच आसपासचा वेग असतो. रुंदी मी अंदाजानं धरली आहे, पण मुद्दा लक्षात येईल. भोवऱ्यांचा ठेका इतकी वर्षं फांदीच्या सुराच्या खाली होता, काठावर. १८ टक्क्यांनी तो बरोबर सुरावर आणून ठेवला.

आवाज प्रवाहाच्या उलट दिशेनं ड्रायरपर्यंत पोचला कसा, असं वाटेल. ५६ मीटरनं येणाऱ्या वाफेतून ४९० मीटरनं जाणारा आवाज उलटा चढणारच. ते चारही वाफेचे पाइप त्याच्यासाठी बोगदे होते, थेट भट्टीत उघडणारे.

आणि १५० हर्ट्झ पोलाद तोडेल का? एका हिसक्यात नाही. तार वाकडी-सरळ करत राहिलं की ती शेवटी तुटते, तो प्रकार. सेकंदाला १५० फेऱ्या म्हणजे दिवसाला १ कोटी २९ लाख ६० हजार. धातूच्या थकव्याच्या चाचण्यांत कोटीभर फेऱ्या म्हणजे फार मोठं आयुष्य समजतात. इथे ते एका दिवसात पुरं होत होतं. त्यामुळे एखाद्या पट्टीचा स्वतःचा सूर या सुराच्या जवळ असेल, तर ती कितीही दणकट दिसो, तिचे दिवस मोजलेले.

ड्रायर हे भट्टी सुरक्षितपणे बंद करणारं यंत्र नाही. चिंता होती ती सुटलेल्या तुकड्यांची. लोखंडाचा तुकडा वाफेबरोबर वाहत जाऊन नेमका एखाद्या सुरक्षा व्हॉल्व्हमध्ये अडकला तर? त्यातच २००५ च्या अखेरीस कळलं, की या कंपनानं दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हांचे चालक भागही झिजले होते. म्हणजे ज्या उपकरणानं गरज पडल्यावर उघडायचं, तेच आपल्या पायाखालच्या नळीच्या गाण्यानं खिळखिळं होत होतं. ही माझ्या मते ड्रायरच्या चिरेपेक्षाही गंभीर गोष्ट होती, आणि बातम्यांत ती मागे पडते.

इलाज २००६ मध्ये झाला आणि तो ड्रायरवर नव्हता. प्रत्येक उभ्या नळीला आणखी एक छोटी, टोक बंद असलेली जोडनळी लावली, तिच्यात ऊर्जा खाणारे जाळीचे थर. त्यामुळे वाफेच्या खांबाची परिणामी लांबी बदलली, सूर भोवऱ्यांच्या ठेक्यापासून लांब सरकला आणि जे थोडं वाजेल ते जाळीत विझू लागलं. बंद फांदीचा उपद्रव दुसऱ्या बंद फांदीनं घालवला, असं म्हणा. थरथर एकदम खाली आली. २००७ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगानं भट्टीच्या आतल्या भागांच्या कंपनाविषयीची आपली मार्गदर्शिका सुधारली, तीत स्टीम ड्रायर आणि अशा ध्वनी-रेझोनन्सची तपासणी आली.

चक्र कुठे तोडायचं

इलाज बरेच आहेत आणि सगळ्यांचं तत्त्व एकच, चक्राचा एखादा दुवा निकामी करायचा. फांदीची लांबी बदला म्हणजे सूर बदलेल. तोंड रुंद करा म्हणजे ठेका मंदावेल. प्रवाहाचा वेग त्या पट्ट्यातून पटकन पार करा, तिथे रेंगाळू नका. कारची मागची एकच काच उघडल्यावर कानात 'धप-धप-धप' असा दाब बसतो, ती म्हणजे चाकांवरची बाटलीच आहे. तिचा सूर वीसएक हर्ट्झ किंवा त्याहून कमी, म्हणून तो ऐकू कमी येतो आणि कानाच्या पडद्यावर जास्त जाणवतो. दुसरी काच चार बोटं खाली करा. बाटलीला दुसरं भोक पडलं, धपधप गेली.

मला सगळ्यात आवडलेला इलाज विमानाचा आहे. एअरबस ए३२० जातीच्या विमानाच्या पंखांखाली इंधनटाकीचा दाब सांभाळण्यासाठी गोल भोकं असतात, प्रत्येक पंखाला दोन. उतरताना त्यांवरून हवा गेली की दोन सुरांची स्पष्ट शिट्टी वाजायची, जमिनीवर ऐकू येईल इतकी. लुफ्तान्सा आणि जर्मनीची अंतराळ-विमान संशोधन संस्था डीएलआर यांनी मोजमापं करून ती शोधली. भोकं बुजवता येत नाहीत, ती सुरक्षेसाठी आहेत. मग भोकाच्या जरा पुढे हाताच्या पंजापेक्षाही छोटी धातूची पट्टी बसवली. ती हवेत आधीच एक गिरकी तयार करते, त्यामुळे भोकाच्या काठावर भोवऱ्यांची शिस्तीची रांग लागतच नाही. २०१४ पासून लुफ्तान्सानं आपल्या ए३२० विमानांना त्या लावल्या आणि उतरताना काही टप्प्यांवर आवाज ४ डेसिबलपर्यंत कमी झाल्याचं सांगितलं. इंडिगोच्या ताफ्यात याच कुटुंबातली भरपूर विमानं आहेत. पुढच्या वेळी पंखाजवळची शिडी चढताना पंखाच्या खालच्या बाजूला बघा, कदाचित ती पट्टी दिसेल.

तुमच्या घरात किंवा गाडीवर एखादी शिट्टी छळत असेल, तर फोननं निदान होऊ शकतं. स्पेक्ट्रम चालू करा आणि वाऱ्याचा वेग बदलेल असं काहीतरी करा: खिडकी थोडी सरकवा, पंख्याचा नंबर बदला, गाडीवर असाल तर मागे बसलेल्याला फोन धरू द्या. रुंद, पसरलेला ढिगारा दिसला तर ते साधं घोंघावणं, त्यावर फटी बुजवण्याखेरीज फारसा उपाय नाही. टोकदार सुळका दिसला आणि तो वेगाबरोबर सलग सरकत गेला, तर एखाद्या काठावर किंवा तारेवर भोवरे सुटताहेत, पण मागे वाजणारी पोकळी नाही. सुळका एका जागी अडकून बसला, वेग वाढला तरी हलला नाही आणि मग एकदम गायब झाला किंवा वरच्या जागी उडी मारून बसला, तर कुठेतरी कोनाडा आहे. तिथला आकडा टिपून घ्या. पोकळी एका टोकाला बंद असलेल्या नळीसारखी असेल, तर ३४३ ला त्या आकड्याच्या चौपटीनं भागलं की तिची लांबी मीटरमध्ये मिळेल. मग पट्टी घेऊन तेवढी पोकळी शोधायची.